कोकण पावसात पाहावे

गोरेगावहून कोकणची सहल निघते ती बहुधा हिवाळ्यात. स्वच्छ ऊन, शांत समुद्र आणि वाळूतले शंखशिंपले पाहून आपण परततो. पण ज्या पावसाने कोकण घडवले, तो भेटतच नाही. एकदा ऑगस्टमध्ये जाऊन पाहू या. समुद्रात मात्र उतरायचे नाही.

हिंगोली जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे 900 मि.मी. पाऊस पडतो, तर रत्नागिरीत 3000 मि.मी.हून अधिक. एक चौरस मीटर जागेवर 1 मि.मी. पाऊस पडला म्हणजे 1 लिटर पाणी पडले. म्हणजेच शाळेच्या 100 चौरस मीटर छपरावर आपल्याकडे 90 हजार लिटर पाणी पडते, रत्नागिरीत 3 लाख लिटरच्या वर!

हा फरक का पडतो? कोल्हापूरहून आंबा घाट उतरताना उत्तर समोरच दिसते. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात. उंचीवर दाब कमी असल्याने हवा प्रसरण पावते व थंड होते. बाष्पाचे ढग बनतात आणि पाऊस कोसळतो. घाटमाथा ओलांडून खाली उतरणारी हवा पुन्हा तापते, पाऊस घटतो. म्हणूनच महाबळेश्वरला 5000 मि.मी.हून जास्त, तर पलीकडच्या वाईला 1000 मि.मी.हूनही कमी पाऊस पडतो. आपल्या भागाला बंगालच्या उपसागरातून येणारे कमी दाबाचे पट्टे बराच हात देतात.

मग कोकणात पाण्याची चंगळ असेल? तसे नाही. तिथल्याही अनेक वाड्यांना मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते. जांभा दगड सच्छिद्र, उतार तीव्र, नद्या आखूड. सह्याद्रीवर पडलेले पाणी थोड्याच अंतरावर समुद्राला मिळते. आपल्या कयाधूचे पाणी मात्र पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा लांबचा प्रवास करून बंगालच्या उपसागरात पोहोचते.

तेव्हा पाऊस किती पडतो याइतकाच, तो जमिनीत किती थांबतो हा प्रश्न महत्त्वाचा आहे. सरळ कडांचा एक डबा उघड्यावर ठेवून रोजचा पाऊस पट्टीने मोजा. कोकणातील एखाद्या शाळेशी आकडे ताडून पाहा. शेजारच्या विहिरीची पातळीही दर महिन्याला नोंदवा. दोन्ही गावांच्या नोंदी शेजारी मांडल्या, की विद्यार्थ्यांना टंचाईचे कारण आपले आपणच सापडेल.