ओमिक्रॉन ‘सौम्य’ आहे, मग काळजी कसली? सोप्या गणितातून समजून घेऊया

ओमिक्रॉनच्या लाटेत व्हॉट्सॲपवर एक मेसेज जोरात फिरत होता: ओमिक्रॉन म्हणजे साधी सर्दी, काही होत नाही. घाबरून जाऊ नकाच, पण फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा.

व्हेरियंट म्हणजे काय?

कोरोना विषाणूचा जीनोम म्हणजे सुमारे ३०,००० अक्षरांची एक फाईल समजा. शरीरात तिच्या कॉप्या बनताना मधूनच एखादं अक्षर चुकतं. यालाच म्युटेशन म्हणतात. बहुतेक चुकांनी काही फरक पडत नाही. पण एखादी चूक विषाणूला वेगाने पसरायला मदत करते आणि तो प्रकार बाकीच्यांना मागे टाकतो. डेल्टाचं असंच झालं. नोव्हेंबर २०२१ मध्ये समोर आलेल्या ओमिक्रॉनच्या तर नुसत्या स्पाइक प्रोटीनमध्येच ३० पेक्षा जास्त बदल आहेत. आपल्या अँटीबॉडीज विषाणूला मुख्यतः याच भागावरून ओळखतात. म्हणून लस घेतलेल्यांना किंवा आधी कोरोना होऊन गेलेल्यांनाही तो गाठू शकतो.

आता गणित (आकडे फक्त उदाहरणासाठी)

समजा शहरात १,००० रुग्ण आहेत.

• जुना प्रकार: एकाकडून सरासरी १.२ जणांना लागण. पाचव्या फेरीत सुमारे २,४९० नवे रुग्ण. त्यातल्या २ टक्क्यांना ॲडमिट करावं लागलं, तर सुमारे ५० खाटा.
• नवा प्रकार: एकाकडून १.८ जणांना लागण. पाचव्या फेरीत सुमारे १८,९०० रुग्ण. ॲडमिट होणारे निम्मेच, म्हणजे १ टक्का धरले तरी सुमारे १८९ खाटा!

म्हणजे आजार निम्मा सौम्य होऊनही खाटा जवळपास चौपट लागल्या. कारण सौम्यपणा एकदाच भागतो, पण प्रसार प्रत्येक फेरीत गुणतो. शिवाय डॉक्टर आणि नर्सही त्याच वेळी आजारी पडतात.

मग करायचं काय?

हेच गणित उलटंही चालतं. मास्क नीट लावला, खिडक्या उघड्या ठेवल्या, लक्षणं दिसताच घरी थांबलो, तर १.८ चा आकडा खाली येतो आणि प्रत्येक फेरीत त्याचा फायदा वाढत जातो. १० जानेवारी २०२२ पासून आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइन कर्मचारी आणि इतर आजार असलेल्या साठीपुढच्या व्यक्तींना प्रिकॉशन डोस मिळू लागला. सुरुवातीला त्यासाठी दुसऱ्या डोसला नऊ महिने झालेले असावे लागत.