रबरी चाकांवरचं घर

अमेरिकेत गाडीमागे जोडून नेतात ते ट्रेलर-घर रबरी टायरांवर उभं, म्हणजे जमिनीपासून तुटलेलं. मुक्कामी १२० व्होल्टची जोडणी घेताना अर्थिंगची तार कुठे निसटलेली असली आणि आतल्या एखाद्या उपकरणातून वीज गळत असली, की बाहेरचा सगळा पत्रा जिवंत होतो. आत बसलेल्यांना काहीच जाणवत नाही. ओल्या गवतावरून अनवाणी येऊन दाराची मूठ धरणाऱ्याच्या शरीरातून मात्र प्रवाह जमिनीत उतरतो. लहान मुलं अशीच तर धावत येतात!

जाणारा-परतणारा प्रवाह ताडून पाहून, सुमारे ५ मिलिअँपिअरच्या फरकाला वीज तोडणारं उपकरण जीव वाचवतं. पण ते अर्थिंगची जागा घेत नाही. म्हणून दाराला हात लावण्याआधी स्पर्शाविना वीज ओळखणारा टेस्टर पत्र्याजवळ धरावा. दिवा लागला, तर आधी मुक्कामाची जोडणी देणाऱ्या खांबावरचा ब्रेकर बंद.