समजून घ्या : वीज गेली तरी अवाढव्य एक्सएमएल फाईलचे वाचन पुढे कसे सुरू ठेवायचे?

आष्टी राज्यात एकच नाही. बीडची आष्टी आहे, 1942 च्या लढ्यातली वर्ध्याची आष्टी आहे आणि गडचिरोलीतही आष्टी आहे. मराठी विकिपीडियाच्या कोणत्या लेखात कोणती आष्टी येते, हे शोधायचे असेल तर सगळ्या लेखांची एकत्रित एक्सएमएल फाईल मोफत डाउनलोड करता येते. पण बीडच्या आष्टीत लॅपटॉपवर हे काम सुरू असताना बॅटरी संपली आणि वीजही नसली, तर?

फाईल थोडी थोडी का वाचतात?

एक्सएमएलमध्ये प्रत्येक माहितीच्या आधी आणि नंतर टॅग असतो. त्यामुळे फाईल फुगते. इंग्रजी विकिपीडियाच्या लेखांची फाईल कॉम्प्रेस करूनही 20 जीबीहून जास्त भरते, उघडली की कितीतरी पट होते. ती रॅममध्ये मावत नाही. म्हणून प्रोग्राम एकेक तुकडा वाचतो आणि सोडून देतो. हेच स्ट्रीम पार्सिंग.

मध्येच थांबता येते का?

प्रोग्राम सुरू असेल तर येते. 'सॅक्स' पद्धतीत पार्सर माहिती पुढे ढकलत राहतो. 'स्टॅक्स' पद्धतीत प्रोग्राम मागेल तेव्हाच पुढचा तुकडा मिळतो. मागणे थांबले की वाचन थांबते. 'एक्सपॅट' पार्सरमध्येही थांबवून पुन्हा सुरू करण्याची सोय आहे. मात्र वीज गेली की रॅममधली ही स्थिती पुसली जाते.

मग खूण कुठे ठेवायची?

'इतक्या बाइटपर्यंत वाचले' एवढी नोंद पुरत नाही. फाईल मधूनच उघडली तर कोणते टॅग आधीच उघडलेले आहेत, हे पार्सरला कळत नाही. पारायण करणारा अध्याय संपवूनच पोथी मिटतो. तसे एक लेख पूर्ण झाल्यावरच खूण करावी. विकिपीडियाच्या 'मल्टिस्ट्रीम' फाईलमध्ये तर 100-100 लेखांचे गट वेगवेगळे कॉम्प्रेस केलेले असतात. कोणता गट कोणत्या बाइटपासून सुरू होतो, हे सोबतच्या सूचीत मिळते.

खरा धोका कोणता?

निकाल लिहिला आणि खूण राहिली, तर तोच लेख दोनदा मोजला जातो. खूण झाली आणि निकाल राहिला, तर लेख सुटतो. म्हणून दोन्ही नोंदी डेटाबेसच्या एकाच व्यवहारात कराव्यात : झाल्या तर दोन्ही, नाहीतर एकही नाही.

खात्री करायची असेल तर लहान फाईल घ्या, प्रोग्राम मुद्दाम मध्येच बंद करा आणि पुन्हा चालवा. सलग वाचनातला आकडा आणि हा आकडा जुळला, तरच मोठी फाईल हाती घ्या.