छंद आणि छंदागती : काठीच्या होळीच्या निमित्ताने

पाली वाङ्मयात 'छंद' हा शब्द दोन अगदी भिन्न ठिकाणी येतो. छंद, विरिय, चित्त व विमंसा या चार इद्धिपादांत तो पहिला आहे. तेथे त्याचा अर्थ एखादी गोष्ट करण्याची मनापासूनची इच्छा असा होतो. सिगालोवाद सुत्तात ज्या चार अगती सांगितल्या आहेत, त्यांतही छंदच पहिला येतो. तेथे मात्र त्याचा अर्थ आवडीपोटी घडणारा पक्षपात असा आहे. जी आवड शिकणाऱ्याला पुढे नेते, तीच निर्णय करणाऱ्याची वाट चुकविते. (मराठीनेही 'छंद' जपला आणि 'छंदीफंदी'ही ठेवला, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.) शिक्षणाचा व शिक्षणसाधनांच्या घडणीचा विचार करताना हा भेद आम्हांस फार उपयोगी वाटतो.

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत काठी हे गाव आहे. एके काळच्या काठी संस्थानाची ही जागा असून तेथील राजवाडी होळी सर्वत्र प्रसिद्ध आहे. फाल्गुनी पौर्णिमेच्या रात्री दूरदूरच्या पाड्यांवरून लोक येतात, रात्रभर ढोल वाजतो आणि उंच बांबूची होळी पहाटे पेटविली जाते. ज्यांनी व्रत घेतलेले असते ते पुरुष काही दिवस खाटेवर निजत नाहीत व इतरही नियम पाळतात. त्यांतील 'बुध्या'चा वेष विशेष लक्षणीय होय : अंगावर राखेची पांढरी नक्षी, डोक्यावर बांबू व मोरपिसांचा उंच टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरे. 'बुध्या' या नावावरून कोणी बौद्ध परंपरेचा अवशेष येथे शोधू लागेल. परंतु केवळ ध्वनिसाम्यावर असा निष्कर्ष उभारणे योग्य नव्हे. तीही एक प्रकारची छंदागतीच ठरेल.

या वेषाकडे शोभेची वस्तू म्हणून पाहिले, तर त्यातील विद्या दिसत नाही. भोपळा पुरता वाळला नाही तर कुजतो. वाळला की हलका होतो, म्हणूनच तो कमरेला बांधून रात्रभर नाचता येते. टोप उंच हवा, पण नाचताना कलंडता कामा नये. म्हणजे भार कोठे ठेवावा हे कळावे लागते. घुंगरू अशा ठिकाणी हवे की पाऊल पडताच ते वाजेल. होळीचा लांब बांबू उभा करणे हे तर वजनाचे, तोलाचे आणि अनेकांच्या एकाच वेळच्या जोराचे गणित आहे. हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. लहान मूल वडीलधाऱ्यांच्या हाताकडे पाहत राहते. पुढे आपणही असेच नाचू, ही ओढ त्याच्या मनात असते आणि ती ओढच त्याचे लक्ष टिकवून धरते. येथे आवड ही ज्ञानाला मागाहून लावलेली गोडी नसून, काय पाहावे व काय लक्षात ठेवावे हे तीच ठरविते.

हेच मूल शाळेत गेले की बहुधा मंद ठरते. घरी भिल्ली गटातील बोली, शाळेत प्रमाण मराठी. पहिल्या दिवसापासून त्याला न समजणाऱ्या शब्दांत उत्तर द्यावे लागते. 2011च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता सुमारे 64.4 टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. राज्याची सुमारे 82.3 टक्के होती. दारिद्र्य, दुर्गम वाटा आणि स्थलांतर ही कारणे आहेतच; त्यांचे ओझे एकट्या भाषेवर टाकू नये. तथापि वर्गात वाट्याला येणारी लाज हेही एक कारण होय, आणि ते कोणत्याही तक्त्यात येत नाही.

या लाजेचा विचार अट्ठकथाकारांनी केला होता. चूळपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, तेव्हा थोरल्या भावाने त्याला विहारातून जाण्यास सांगितले. त्याच्या या मंदपणाचे जे कारण अट्ठकथा देते ते मननीय आहे. पूर्वजन्मी तो बुद्धिमान असताना पाठांतर करणाऱ्या एका मंद भिक्खूला हसला होता, आणि त्या लाजेने त्या भिक्खूने शिकणेच सोडले. पुनर्जन्माची चौकट बाजूला ठेवली तरी उपहासाने विद्या खुंटते हे निरीक्षण उरतेच. भगवंतांनी चूळपंथकाला दुसरी गाथा दिली नाही. शुभ्र वस्त्राचा तुकडा दिला आणि 'रजोहरणं' म्हणत तो चोळण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले, आणि त्यावरून त्याला अनित्यता उमगली. बदलले ते साधन. शिष्य तोच होता.

साधन बदलण्याचे हे काम महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केले. 1945 साली बोर्डी येथे सुरू होऊन पुढे कोसबाडला गेलेल्या त्यांच्या कार्यात माँटेसरी पद्धतीच्या महागड्या साहित्याऐवजी बिया, शिंपले, खडे अशा परिसरातील वस्तू आल्या. मूल शाळेत येत नाही म्हणून बालवाडी वारली पाड्याच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. सातपुड्यातही 1990च्या दशकाच्या प्रारंभी नर्मदा बचाओ आंदोलनाने चिमलखेडी, निमगव्हाण येथे जीवनशाळा काढल्या व मुलांच्या बोलीला वर्गात स्थान दिले.

मात्र येथेच दुसरा छंद आड येतो. पुस्तक रचणारा बहुधा बाहेरचा असतो आणि त्याला मोरपिसांचा टोप फार आवडतो. तो मुखपृष्ठावर बुध्याचे चित्र छापतो. आतले धडे आणि त्यांची भाषा जशीच्या तशी राहते. चित्र सुंदर असते, पण ती आवड रचनाकाराची असते. उलट पालकांची ओढही विसरून चालत नाही : आपल्या मुलाला कचेरीत, बाजारात चालणारी मराठी यावी, असे पुष्कळांना वाटते, आणि बोलीतील पुस्तक पाहून आपल्याला मागे ठेवले जात आहे अशी शंका येऊ शकते. ती अवास्तव नाही. म्हणून बोलीकडून मराठीकडे कोणत्या इयत्तेत, किती वेगाने जावे हे पाड्यावर बसूनच ठरवावे लागेल. धड्यात टोप घ्यायचाच असेल, तर बांबूची कोणती काडी आधी बांधतात आणि ती का, हे प्रथम मुलाकडून त्याच्या बोलीत ऐकावे. मराठी वाक्य त्यानंतर लिहावे.