नाव झाकायचं की प्रकरण?

नांदेडच्या डॉक्टर लेनमधली छोटी रुग्णालयं, लॅब, औषधांची दुकानं. लातूरच्या गंजगोलाईभोवतालची कापडदुकानं. धर्माबादला मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायका. अशा अनेक ठिकाणी कामाला दहापेक्षा कमी माणसं असतात आणि मालकच साहेब, रोखपाल, मुकादम असं सगळं काही असतो. तोच अंगचटीला आला तर तक्रार कुणाकडे करायची?

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात याचं उत्तर आहे. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी. माणसं कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. घरकाम करणारीलाही हीच समिती. म्हणजे या दोन जिल्ह्यांतल्या असंख्य कष्टकरी बायकांचा न्याय त्या-त्या जिल्ह्यात नेमलेल्या एकाच समितीच्या हाती आहे.

लोक आजही तिला ‘विशाखा समिती’ म्हणतात. या नावामागे भंवरीदेवीचं प्रकरण आहे. ती राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातली ‘साथिन’ होती. बालविवाह रोखण्याचं काम करताना १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी विशाखा मार्गदर्शक तत्त्वं दिली. ती कागदावरच राहत आहेत, हे पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांनी पत्राने न्यायालयाच्या नजरेस आणलं. त्या पत्राचीच याचिका झाली. पुढे कायदा आला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला.

या कायद्याचं कलम १६ गोपनीयतेचं. तक्रारीतला मजकूर, बाईचं, आरोप असलेल्याचं आणि साक्षीदारांचं नाव-पत्ता, चौकशीचं कामकाज, यातलं काहीही बाहेर जाता कामा नये. माहिती अधिकारातही ते मिळत नाही. चौकशी हाताळणाऱ्या कुणी ते फोडलं तर नियमानुसार दंड पाच हजार रुपये.

पण गोपनीय तक्रार म्हणजे निनावी तक्रार नव्हे. अर्जाच्या सहा प्रती द्याव्या लागतात. त्यातली एक सात कामकाजाच्या दिवसांत ज्याच्यावर आरोप आहे त्याच्याकडे जाते आणि उत्तर द्यायला त्याला कामकाजाचे दहा दिवस मिळतात. त्याची बाजू ऐकायलाच हवी. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या प्रकरणात समितीने चौकशी घाईने उरकली, म्हणून १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द करून प्रकरण पुन्हा चौकशीला पाठवलं. गुप्ततेच्या आड नैसर्गिक न्याय डावलला, तर शेवटी नुकसान बाईचंच होतं.

खरी अडचण आहे ती अर्ज समितीपर्यंत पोचण्याच्या वाटेत. तालुक्याचा समन्वय अधिकारी अर्ज घेणार आणि सात दिवसांत जिल्ह्याला पाठवणार, अशी तरतूद आहे. पण लोहा, मुखेड किंवा निलंग्यासारख्या गावात तहसीलची पायरी चढणारी बाई दहा जणांना दिसते. आवक-जावकच्या टेबलावर बसलेला कारकून नात्यातला निघू शकतो. संध्याकाळपर्यंत गोष्ट घरी पोचते आणि घरचे म्हणतात, ‘कामच सोड.’ कायद्याने कागदाला कुलूप लावलं, तरी वाट उघडीच राहते.

ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची अडचण आणखी वेगळी. कंधार, मुखेडकडच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल बहुधा नवऱ्याच्या नावे, त्यामुळे कारखान्याच्या आणि मुकादमाच्या कागदावर तिचं नावच नसतं. फड असो की पालावर नेणारा ट्रॅक्टर, कायद्याच्या व्याख्येत दोन्ही तिचं कामाचं ठिकाणच. तिला लिहिता येत नसेल, तर तक्रार लिहायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. पण तक्रारीची मुदत तीन महिन्यांची, कारण पटलं तर आणखी तीन. हंगामच पाच-सहा महिन्यांचा. शिवाय स्थानिक समितीची हद्द आपल्या जिल्ह्यापुरती. कोल्हापुरातल्या फडावर घडलेलं नांदेडच्या समितीपुढे कसं आणायचं?

जातीचं अपमानास्पद बोलणं हा तर या समितीचा विषयच नाही. त्यासाठी ॲट्रॉसिटी कायदा आहे आणि पोलीस ठाणं गाठावं लागतं. स्थानिक समितीवर अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग किंवा अल्पसंख्याक समाजातली एक तरी महिला असावी, असं कायदा सांगतो. पण जात आणि शरीर या दोन्हींवरून एकाच माणसाकडून छळ सोसणाऱ्या सफाई कामगार बाईला दोन दारं ठोठावावी लागतात.

गुप्ततेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मेळघाटातल्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी २५ मार्च २०२१ रोजी आत्महत्या केली. वरिष्ठांकडे दाद मागूनही उपयोग झाला नाही, असं त्यांनी चिठ्ठीत लिहून ठेवलं होतं. जिवंतपणी आतल्या आत राहिलेली तक्रार मृत्यूनंतर महाराष्ट्रभर झाली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी या कायद्याखालच्या खटल्यांत पक्षकारांच्या नावांऐवजी अक्षरं वापरावीत, असा आदेश दिला. तो योग्यच होता. मात्र निकालही परवानगीशिवाय प्रसिद्ध करायचे नाहीत, असं त्यातच होतं. मग न्याय झाला की नाही, हे दुसऱ्या बाईला कळणार कसं?

कलम १६ नावं झाकण्यावरच थांबत नाही. ओळख उघड न करता, मिळालेल्या न्यायाची माहिती देता येते, असं त्याच कलमाच्या परंतुकात म्हटलं आहे. किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या, याचा वार्षिक अहवालही समितीला द्यावाच लागतो. गोपनीयता बाईच्या नावाला आहे. कार्यालयाच्या ढिलाईला ती दिलेली नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात या कायद्यापुरता जिल्हा अधिकारी नेमायला त्या महिन्याअखेरची आणि स्थानिक समिती स्थापायला ३१ जानेवारी २०२५ ची मुदत घालून दिली. कायदा लागू होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

आता नांदेड-लातुरात तीन गोष्टी करता येतील. तक्रारीचं पाकीट आवक-जावकमध्ये न फोडता थेट अध्यक्षांच्या हाती जावं आणि नोंदवहीत फक्त क्रमांक पडावा. किती तक्रारी आल्या, नव्वद दिवसांच्या मुदतीत किती चौकशा संपल्या आणि काय कारवाई झाली, हे नावं वगळून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लागावं. आणि टोळी निघण्याआधी मुकादमाच्या यादीत कोयत्यातल्या बाईचं नाव स्वतंत्र लिहून, ज्या जिल्ह्यात ती जाणार तिथल्या समितीचा फोन नंबर तिच्या हाती द्यावा. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही.