शेंडेनक्षत्र किती तेजस्वी होते?

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा. त्सुचिनशान-अ‍ॅटलास हा धूमकेतू त्या दिवशी पृथ्वीच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे सात कोटी किलोमीटरवर होता. सोने लुटायला जाण्याआधी आम्ही सहा-सात जण दारव्हा रस्त्याकडच्या एका ओळखीच्या शेताच्या धुऱ्यावर उभे होतो. पश्चिमेच्या धुरकटीत काहीच सापडले नाही. दुसऱ्या दिवशी १०×५० च्या द्विनेत्रीतून तो दिसला आणि त्याच रात्री मी वहीत एक चुकीचा आकडा लिहिला. हा लेख मुख्यतः त्या आकड्याविषयी आहे.

धूमकेतूची थोडी ओळख आधी करून देतो. चीनच्या पर्पल माउंटन वेधशाळेने ९ जानेवारी २०२३ रोजी तो प्रथम टिपला आणि २२ फेब्रुवारीला दक्षिण आफ्रिकेतील अ‍ॅटलास दुर्बिणीला तो पुन्हा सापडला, म्हणून नावात दोघेही आले. जुलै २०२४ मध्ये सेकानिना या ज्येष्ठ अभ्यासकाने तो सूर्याजवळ पोहोचण्याआधीच विस्कटेल असे भाकीत केले. तो विस्कटला नाही. २७ सप्टेंबरला सूर्यापासून पावणेसहा-सहा कोटी किलोमीटरवरून वळसा घालून तो परत निघाला. ‘८० हजार वर्षांनी आलेला पाहुणा’ हे वर्णन तेव्हा सगळीकडे फिरत होते, पण त्यावर फार विसंबू नये. त्याची कक्षा जवळजवळ परवलयाकार आहे आणि तो परत येईलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

आता मुद्द्याचे. आकाशातल्या वस्तूचे तेज ‘प्रती’त मोजतात. आकडा जितका लहान तितके तेज जास्त, आणि एका प्रतीचा फरक म्हणजे प्रकाशात सुमारे अडीच पट फरक. तारा हा बिंदू असतो, त्यामुळे दोन ताऱ्यांची तुलना सोपी. धूमकेतूचा प्रकाश मात्र पसरलेला असतो. ‘पहिल्या प्रतीचा धूमकेतू’ असे ऐकून आलेली माणसे लखलखता तारा शोधतात आणि समोरचा धुरकट ठिपका त्यांच्या नजरेतून सुटतो. शेतावर आलेल्या पोरांचे तेच झाले. मोबाइलवरच्या छायाचित्रांतली लांबलचक शेपटी त्यांच्या डोक्यात होती.

मग मोजायचे कसे? धूमकेतूचे डोके नीट फोकसमध्ये पाहून त्याचा आकार आणि उजळपणा लक्षात ठेवायचा. मग द्विनेत्री ताऱ्याकडे वळवायची आणि तारा तेवढाच मोठा दिसेपर्यंत चाक फिरवून त्याला मुद्दाम अस्पष्ट करायचे. दोन पसरट डाग आता एकमेकांशी ताडून पाहता येतात. ही रीत सिजविक या ब्रिटिश निरीक्षकाच्या नावाने ओळखली जाते. तिला हाताचा सराव लागतो, महागडे साधन लागत नाही.

१३ तारखेला मी रीत बरोबर वापरली, पण तारा चुकीचा निवडला. श्रवण जवळजवळ डोक्यावर होता आणि धूमकेतू क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर. इतक्या खालून येणारा प्रकाश डोक्यावरच्या प्रकाशापेक्षा पाचपटीहून अधिक हवा भेदून येतो. स्वच्छ हवेतही एवढ्याने एका प्रतीहून जास्त तेज गिळले जाते. त्यात सोयाबीनची मळणी चालू, म्हणजे धूळ आणखी. वहीत मी १.८ लिहिले. १४ तारखेला स्वातीशी तुलना केली. तो शून्य प्रतीचा तारा धूमकेतूच्या उजवीकडे होता आणि उंचीतही फारसा फरक नव्हता. डावीकडे शुक्र असल्याने जागा शोधणेही सोपे गेले. मग आदल्या रात्रीची नोंद पुन्हा काढली आणि हवेचा हिशेब धरला, तर ०.६ आले.

एवढ्या फरकाने काय बिघडते? ९ ऑक्टोबरच्या सुमारास धूमकेतू जवळजवळ आपल्या आणि सूर्याच्या मध्ये आला होता. दिवेलागणीला गुरे परतताना सूर्याच्या बाजूची धूळ कशी उजळून निघते, ते आपण पाहतोच. धूमकेतूची धूळ तशीच उजळली. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाच्या कॅमेऱ्यात तो झगझगीत दिसला. पुढच्या दिवसांत तो कोन बदलत गेला आणि तेज झपाट्याने उतरले. हा उतार किती वेगाचा होता हे जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या आकड्यांवरून ठरते. जपानमधली संध्याकाळ संपलेली आणि युरोपातली अजून व्हायची असते, त्या मधल्या तासांत आपल्याकडच्या नोंदी कामी येतात. माझ्या १.८ ने उतार होता त्यापेक्षा तीव्र दाखवला असता. स्लोव्हेनियातून चालणाऱ्या धूमकेतू-नोंदसंग्रहाला तो आकडा मी पाठवूनही बसलो होतो. तो दुरुस्त करून घेतला.

साधनाबद्दल मला नेहमी विचारतात. आमच्याकडे आठ इंची दुर्बीणही होती, पण तिच्यातून एका वेळी जेमतेम एक अंश आकाश दिसते. द्विनेत्रीतून साडेसहा अंश. शेपटी अनेक अंशांची. शिवाय पसरट वस्तू दुर्बिणीतून मोठी होते, तिचा उजळपणा वाढत नाही. म्हणून डोक्याचा मध्यभाग पाहायला दुर्बीण, बाकी सगळ्याला द्विनेत्री. जेसोरच्या कोषागारातले कारकून राधागोविंद चंद्र यांनी १९१० मध्ये हॅलेचा धूमकेतू द्विनेत्रीनेच पाहिला होता; पुढे १९१८ मध्ये गरुड समूहातला नवतारा त्यांनी स्वतंत्रपणे ओळखला.

आमची खरी अडचण चंद्राची झाली. दसरा ते कोजागरी म्हणजे चंद्र रोज वाढणारा. धूमकेतू रोज वर चढत होता, पण आकाशही रोज उजळत होते. १६ तारखेला, कोजागरीला, दूध आटवता आटवता द्विनेत्रीतून पाहिले तर शेपटीचा बुडखा तेवढा उरला होता. २० तारखेपासून चंद्र उशिरा उगवू लागला आणि अंधाराचा तास-दीड तास मिळाला. धूमकेतू तोवर तिसऱ्या प्रतीच्या आसपास उतरून भुजंगधारी समूहात गेला होता, तरी शेपटी त्या काळोखातच सर्वांत चांगली दिसली. दसऱ्याला हिरमुसून गेलेल्या पोरांपैकी तिघे त्या दिवशी पुन्हा आले. शेपटी कुठवर दिसते यावर त्यांचे भांडण जुंपले. मी तिघांचेही आकडे वहीत वेगवेगळे लिहिले.

वसुबारसेची, २८ ऑक्टोबरची नोंद शेवटची आहे: द्विनेत्रीत पुसट गोळा, शेपटी नाही, गावाकडच्या बाजूला फटाक्यांचा धूर.