लबाडाघरचं आवतण

कसारा लोकलच्या लेडीज डब्यात कॉलेजच्या मुलींच्या गप्पा कधी कान देऊन ऐकल्यात? ‘तो ना, जरा शेडीच वाटतो.’ ‘ती स्कीम शेडी आहे गं, पैसे नको भरूस.’ खर्डीला गाडीत चढणाऱ्या, मराठी शाळेत शिकलेल्या मुलींच्या तोंडीही हा शब्द आता सहज बसलाय. शेड म्हणजे सावली आणि शेडी म्हणजे ज्याच्यावर भरवसा ठेवावासा वाटत नाही तो. इंग्रजीत झाडाखालच्या गार जागेलाही हाच शब्द आहे. हा दुसरा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकात चिकटला. आपल्याकडे सावलीला असं कुणी बदनाम केलेलं नाही. भर मे महिन्यात स्टेशनावरून पाड्याकडे पायी निघालेल्या बाईला विचारा, सावली म्हणजे काय ते! आपण तर वडीलधाऱ्यांच्या मायेलाही सावलीच म्हणतो.

मग या ‘शेडी’ला मराठीत शब्दच नाही का? आहेत, चांगले ढीगभर आहेत. फक्त प्रत्येकाचं काम वेगळं. ‘लबाड’ आपण लाडानेही म्हणतो, डब्यातला लाडू पळवणाऱ्या नातवाला. ‘बेरकी’ माणूस पोचलेला असतो, पण तो फसवेलच असं नाही. ‘आतल्या गाठीचा’ मनातलं बाहेर येऊ देत नाही. ‘बेभरवशाचा’ तर कित्येकदा स्वभावाने चांगलाही असतो. ‘उद्या नक्की येतो’ म्हणून आठवडाभर न फिरकणारा नळ दुरुस्तीवाला आठवा. माणूस नव्हे, पण व्यवहारच गढूळ वाटला तर ‘काहीतरी काळंबेरं आहे’ किंवा ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ म्हणायची सोय आहे. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ‘विश्वास तर पानिपतातच गेला!’ १७६१ साली पानिपतावर पडलेल्या विश्वासरावांच्या नावावरची ही कोटी अजूनही उधारीच्या वहीशेजारी ऐकू येते.

एक शब्द तर कायद्याच्या पुस्तकातून आपल्या घरात आला. १८६० च्या भारतीय दंड संहितेत फसवणुकीचं कलम होतं ४२०. तिथून माणूसच ‘चारसोबीस’ झाला. १९५५ मध्ये राज कपूरचा ‘श्री ४२०’ आला आणि आकडा घराघरांत पोचला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, फसवणुकीचं कलम आता ३१८ आहे. पण ‘तो पक्का तीनशे अठरा आहे’ असं कोणी म्हणेल का? कलम गेलं, शब्द राहिला.

इथपर्यंत गंमत आहे. पण यातले काही शब्द चुकीच्या माणसावर जाऊन पडतात, तिथे गंमत संपते.

‘भामटा’ हा शब्द आपण किती सहज वापरतो. पण राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा हे एका समाजाचं नाव आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कितीतरी जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ वाचलं की हा शिक्का अंगावर घेऊन जगणं काय असतं ते कळतं. तेव्हा हा शब्द जिभेवर आला तर गिळूया. ‘ठकवलं’ म्हटलं तरी अर्थ पुरेपूर पोचतो.

दुसरा शब्द ‘चालू’. पुरुष चालू असला तर तो हुशार, कामं करून घेणारा. बाई चालू म्हटली, की बोट थेट तिच्या चारित्र्याकडे! सात वाजता कामावरून घरी परतणाऱ्या मुलीला हा शब्द चिकटवायला दोन मिनिटं लागत नाहीत, आणि दुर्दैव असं, की चिकटवणाऱ्या पुष्कळदा आपणच असतो.

गंमत बघा, ज्याला खरोखर नाव ठेवायला हवं तिथे आपली जीभ अडखळते. समृद्धी महामार्ग आपल्या शहापूर तालुक्यातून गेला. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. रस्ता आला की जमिनीला भाव येतो आणि भावामागून येतात कडक इस्त्रीतले, ‘ताई, मावशी’ करत ओटीवर बसणारे दलाल. सगळेच खोटे नसतात. पण बचत गटाच्या कामात मी बायकांकडून एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकते, ‘मला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं, पण पाहुण्याला कसं बोलायचं?’ बाई शंका घेते तेव्हा तिला ‘संशयी’ म्हणतात. त्या एका शब्दाच्या धाकाने कागदावर अंगठा उमटतो.

मैत्रिणींनो, खटकलं तर बोला. माणसाला नाव ठेवायची गरजच नाही, कागद मागायचा. ‘सातबारा बघू. हे कुलमुखत्यारपत्र वाचून दाखवा. एक प्रत ठेवून जा, चार दिवसांनी सांगते.’ आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला द्यायची तर सरकारी परवानगी लागते, जिल्हाधिकाऱ्यांकडूनच जावं लागतं. ‘ते आम्ही बघून घेऊ’ असं म्हणणाऱ्याजवळ पाणी मुरतंय हे नक्की समजा. फोनवर ओटीपी मागणाऱ्याचंही तेच, खरी बँक तो कधीच मागत नाही. ‘डिजिटल अटक’ तर कायद्यातच नाही. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर कळवा.

टोपी घालणे, शेंडी लावणे, चुना लावणे, गंडा घालणे, मामा बनवणे... मराठीत फसवणुकीला इतकी क्रियापदं आहेत! म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी माणसाची जात, कपडे, घरी यायची वेळ यापेक्षा त्याची करणी पाहिली. त्यांचीच म्हण आहे, लबाडाघरचं आवतण, जेवल्याशिवाय खरं नाही. आपण थोडा बदल करूया. आवतण कितीही गोड असो, आधी चूल पेटलीय का ते बघून येऊ.